पुढे ढकललेला रविवार

“बाईंच्याच विद्यार्थिनीनं लिहून दिलंय म्हणे हे.”

माझ्या पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीच्या कानाशी लागून हे म्हटलं. शेजारीण म्हणाली, “हौ का? मग आता बाई काय बोलणार?” आणि दोघी हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या. सभेत कंटाळा आल्यावर हसतात तशा. ती विद्यार्थिनी त्यांच्या मागे दोन हातांवर बसली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मला मंडळात फारसं कोणी चेहऱ्यानं ओळखत नाही. मी शनिवारी दुपारी येते, हॉलच्या कडेकडेनं मागच्या खोलीत जाते, आणि तशीच परत जाते.

समोर टेबलाशी माझे मामा उभे होते. ते मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हातात त्यांच्याच अक्षरातला मराठी कागद होता आणि डाव्या हातात मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून दिलेला इंग्रजी कागद. मराठी कागद ते वाचत होते. इंग्रजी कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरून ठेवला होता, पुरावा म्हणून. विषय होता, युद्धाच्या काळात निवडणूक घेणं अवघड का असतं.

मे महिन्यातला शुक्रवार होता. सीमेवर दोन-तीन दिवसांपासून मारा चालू होता. बुधवारी आपल्या शहरातही भर दुपारी सायरन वाजवून सराव झाला होता. ऑफिसात आम्ही सगळे खिडक्यांपासून लांब, फोटोकॉपीच्या मशीनजवळ उभे होतो, आणि कोणीतरी समोसे मागवले होते. आणि येत्या रविवारी मंडळाची निवडणूक होती.

मंडळ नारायणगुड्याच्या एका गल्लीत, खाली औषधांचं दुकान आणि वर आमचा हॉल. सभासद तीन तऱ्हेचे. एक, नांदेड-परभणीकडून निजामाच्या काळात आलेली घरं, आम्ही त्यातलेच. दुसरे पुण्या-मुंबईहून कंपन्यांत नोकरीला आलेले, जे गणपतीला येतात आणि फोटो काढतात. आणि तिसरे सिकंदराबादचे, रेल्वेतले आणि लष्करातले. लष्करातली पंधराएक घरं असतील. दर तीन वर्षांनी कार्यकारिणी निवडायची, आणि आमच्याकडे मत द्यायची एक जुनी पद्धत आहे, जी पुण्याचे लोक पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांना खरी वाटत नाही.

घरटी एक सुपारी आणि एक हळकुंड मिळतं. कोपऱ्यात पडदा लावलेला असतो. पडद्याआड एक पितळी घागर आणि एक झाकलेली परडी. जुनीच मंडळी हवी असतील तर घागरीत सुपारी टाकायची, बदल हवा असेल तर हळकुंड. उरलेलं परडीत. मंडळ सुरू झालं तेव्हा बऱ्याच बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि सासरच्या माणसांसमोर हात वर करून उलट मत देणं तर अशक्यच होतं. म्हणून कुणा शहाण्या बाईनं ही युक्ती काढली. घागरीच्या तळाशी टॉवेल घालायचा असतो, नाहीतर आवाजावरून कळतं: सुपारी टणकन वाजते, हळकुंड नुसतं टक् करतं. एका वर्षी टॉवेल घालायचा राहिला आणि अख्खा हॉल कान टवकारून मोजत बसला, असं आई सांगते. तेव्हापासून दोन टॉवेल घालतात.

त्या रविवारी एका बाजूला मामा होते आणि दुसऱ्या बाजूला बाई.

बाई म्हणजे जामबागेतल्या एका शाळेत अनेक वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई. सगळं मंडळ त्यांना बाईच म्हणतं. हॉलच्या मागे एक अरुंद खोली आहे, तीन कपाटं, एक लांब टेबल, वर खडखडणारा पंखा. तिथे बाई दर शनिवारी माझ्यासारख्यांना मराठी वाचायला शिकवतात. माझ्यासारखे म्हणजे घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी, आणि कागदावर काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी मामाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा सगळ्यांसमोर मला वाचायला सांगितली. मी पहिल्याच ओळीत ‘श्रीकृपेकरून’वर अडकले. सगळे हसले. मी इतकी गप्प बसले की मामींनी मला ताप आला का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मामांनीच मला स्कूटरवर बसवून बाईंकडे नेलं. म्हणाले, “ही आमची मॅडम. बोलत नाही, पण सगळं टिपते. हिला वाचायला शिकवा.” हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढचं वाचताना ते विसरायला होतं. मला तरी विसरायला होतं.

वडील गेल्यापासून मामा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, आणि मला जे काही बोलायचं असतं ते मी त्यांच्याशीच बोलते. आईशी बोललं की ती काळजी करते. मामा ऐकतात, मध्येच “हं” म्हणतात, आणि विसरून जातात असं मला वाटायचं.

एप्रिलमध्ये मामांच्या कार्यकारिणीनं ठरवलं की मागची खोली एका कोचिंग क्लासला भाड्यानं द्यायची. जूनमध्ये त्यांची नवी बॅच सुरू होणार होती. मामांची बाजूही खोटी नव्हती. हॉलचं छत गळतं, पावसाळ्यात आम्ही गाण्याच्या कार्यक्रमात बादल्या ठेवतो. पण खोली गेली की पुस्तकं कुठे आणि शनिवार कुठे, याला उत्तर नव्हतं. “पुस्तकं हॉलमध्ये ठेवू की, कोण नक्को म्हणतंय,” असं मामा म्हणायचे. हॉलमध्ये लग्नं, बारशी, योगासनं चालतात. बाई जन्मात कशाला उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या खोलीसाठी त्या अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, आणि तसं त्यांनी सगळ्यात आधी मला सांगितलं, शब्दकोशाचं पान उलटता उलटता, जणू उद्या दूध कमी घ्यायचंय असं. रविवारी त्या निवडून आल्या असत्या तर करारावर सही झाली नसती. निवडणूकच झाली नाही, तर सही करायला मामा होतेच.

बुधवारी, सायरनच्या सरावाच्या संध्याकाळी, मामा वर आले. आईनं चहा टाकला. मामा माझ्या खोलीच्या दारात टेकून उभे राहिले.

त्यांचं म्हणणं असं होतं की लष्करातल्या सभासदांच्या सुट्ट्या रद्द झाल्यात. ते मत द्यायला येऊ शकत नाहीत. अशा वेळी आपण इथे सुपाऱ्या मोजत बसलो तर बरं दिसणार नाही. पण लोकांना नीट समजावून सांगायला हवं, कुणाला वाटायला नको की अध्यक्ष खुर्चीला चिकटलेत. “तुझ्या ऑफिसातली ती परदेशातली बाई नाही का,” ते म्हणाले, “युद्धवाल्या देशातली? तू सांगत होतीस. जगात असं झाल्यावर काय करतात, का पुढं ढकलतात, एक पानभर लिहून देतीस का? तुझं इंग्रजी चांगलं आहे. मराठी मी करून घेतो.”

ती सहकारी माझ्याच टीममध्ये आहे, पण हजारो किलोमीटरवरून. कॉलवर तिच्या मागे जनरेटरचा आवाज येतो. तिच्या देशात निवडणुकीची वेळ येऊन गेली आणि निवडणूक झाली नाही. एकदा मीटिंग संपल्यावर आम्ही दोघीच राहिलो होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं होतं की तुला राग नाही येत का. ती म्हणाली होती, माझा भाऊ खंदकात आहे, त्याचं मत कोण आणायला जाणार? माझी बहीण दुसऱ्या देशात शाळेच्या हॉलमध्ये झोपते, तिचं नाव कुठल्या यादीत? मग म्हणाली होती, पण मला कोणीतरी एकदा सांगावं, कधी. नुसतं ‘नंतर’ नको. हे मी त्या आठवड्यात मामांना गच्चीवर सांगितलं होतं. ते विसरले नव्हते.

मी गुरुवारी दुपारच्या सुट्टीत लिहायला बसले. मला छान वाटत होतं, हे कबूल करायला हवं. कोणीतरी माझ्याकडे काहीतरी लिहायला मागितलं होतं आणि ते बोलावं लागणार नव्हतं. मी लिहिलं की निवडणूक म्हणजे मतदार आपापल्या जागी असले पाहिजेत, आणि युद्धात सगळ्यात आधी माणसं जागची हलतात. जवान सीमेवर, काही घरं सोडून गेलेली, काही गावं पलीकडच्यांच्या ताब्यात. यादीतलं नाव आणि माणूस यांची गाठच पडत नाही. लिहिलं की मतदानाची रांग म्हणजे उघड्यावर जमलेली गर्दी, तिला धोका असतो. ज्या शिक्षकांनी आणि पोलिसांनी मतदान घ्यायचं, ते दुसऱ्याच कामाला जुंपलेले असतात. लिहिलं की प्रचारात सरकार चुकलं असं म्हणता आलं पाहिजे, पण गोळीबार चालू असताना असं म्हणणारा माणूस शत्रूच्या बाजूचा ठरतो. आणि खरं काय चाललंय ते गुप्त ठेवावं लागतं, मग मत द्यायचं तरी कशाच्या आधारावर? काही देशांनी भर युद्धात निवडणुका घेतल्या, काहींनी ढकलल्या, आणि दोघांनाही कारणं होती.

इथपर्यंत पहिलं पान भरलं. मग मी दुसऱ्या पानावर शेवटचा परिच्छेद लिहिला. त्यात लिहिलं की यातली सगळी कारणं खरी असली तरी ती सांगणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याची खुर्ची त्यामुळे वाचते. म्हणून ढकलायचं असेल तर त्याच दिवशी पुढची तारीख ठरवावी. परिस्थिती निवळली की नाही, हे खुर्चीवरच्या माणसानं एकट्यानं ठरवू नये. आणि तोपर्यंत जुन्या मंडळींनी असा कोणताही निर्णय घेऊ नये जो पुढे येणाऱ्यांना परत फिरवता येणार नाही.

खोलीचं नाव मी घेतलं नाही. मला वाटलं, मामांना कळेल. खरं सांगायचं तर ते वाक्य मी त्यांच्यासाठीच लिहिलं होतं, कारण तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं. ऑफिसात कागद वाचवायचा म्हणून प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापतो. एकच कागद झाला. तो मी मामांना दिला आणि ते म्हणाले, “वा, मॅडम.”

आणि आता शुक्रवारी संध्याकाळी मामा हे सगळं मराठीत वाचत होते. मराठी सुंदर केलं होतं. माझ्या कोरड्या वाक्यांना त्यांनी चाल दिली होती. जवानांचं वाक्य आलं तेव्हा ते जरा थांबले, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. मी ऐकत होते आणि मोजत होते. यादी झाली. रांग झाली. शिक्षक-पोलीस झाले. ‘शत्रूच्या बाजूचा’ झालं, आणि ते वाचताना मामांनी वर पाहिलं, कोणाकडे विशेष नाही, पण बाई पहिल्या रांगेतच होत्या. काही देशांनी घेतल्या, काहींनी ढकलल्या, झालं.

मग मामांनी मराठी कागद घडी करून खिशात ठेवला.

इंग्रजी कागद अजून वर धरलेला होता. पहिली बाजू त्यांच्याकडे होती. आमच्याकडे, म्हणजे सगळ्या हॉलकडे, मागची बाजू होती. मागच्या बाजूला माझा शेवटचा परिच्छेद होता, वरच्या अर्ध्या भागात, काळ्या ओळींचा एक चौकोन. साठ-सत्तर माणसं त्याच्याकडे बघत होती. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून वाचता येण्याइतकी अक्षरं मोठी नव्हती, आणि वाचायचं कोणाच्या मनातही नव्हतं. मला मात्र प्रत्येक ओळ पाठ होती.

मामा म्हणाले की हे आपल्याच घरच्या शिकलेल्या मुलीनं अभ्यास करून लिहिलंय, मी एक शब्द पदरचा घातलेला नाही. हे खरं होतं. त्यांनी एक शब्दही घातला नव्हता.

मागून एका आजोबांनी विचारलं की ब्लॅकआउट झाला तर चहा मिळणार की नाही, आणि हॉल हसला. मग बाई उभ्या राहिल्या. त्या बोलण्याआधी एकदा मागे वळल्या आणि रांगांवरून नजर फिरवत मला शोधलं. मी मान खाली घातली. तेवढंच केलं. मी नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी काहीतरी गाळलंय हे त्यांना कळलं असतं. त्या मला दोन वर्षं वाचत होत्या.

बाई म्हणाल्या, “मुद्दे बरोबर आहेत. मला एवढंच विचारायचंय की जवानांच्या घरच्यांनी त्यांच्या वतीनं मत टाकलं तर? घरटी एकच मत आहे. घर तर इथंच आहे.”

कार्यकारिणीतल्या एकानं बसल्या बसल्याच म्हटलं की तिकडे माणसं जीव धोक्यात घालतायत आणि इथे काही जणांना खोलीची पडलीये. कुणी त्याला गप्प केलं नाही. मामांनीही नाही. बाई बसल्या. मामांनी हात वर करायला सांगितले. घागर, पडदा काही नाही. निवडणूक नव्हती ना ही, नुसता ठराव होता. हात भराभर वर गेले. परिस्थिती निवळेपर्यंत निवडणूक पुढे. तारीख नाही. बाईंनी हात वर केला नाही, आणि सगळ्यांनी ते पाहिलं. मीही केला नाही, पण मला मतच नव्हतं. आमच्या घरचं मत आईच्या नावावर आहे, आणि आईनं भावासाठी हात वर केला होता.

जिन्यात माझ्या पुढे एक बाई उतरत होती, कडेवर झोपलेलं मूल. नवरा लष्करात, आणि त्या आठवड्यात कुठे हे तिलाही माहीत नव्हतं. चप्पल शोधायला ती थांबली तेव्हा मी मुलाचं डोकं धरलं. ती म्हणाली, “परवा फोन आला होता त्यांचा, दोन मिनिटं. म्हणले, रविवारी जाऊन ये, बाईंना हळकुंड टाक. पोरीला वाचायला तिथंच पाठवायचंय.” मग चप्पल पायात सरकवत म्हणाली, “मला कोणी विचारलंच नाही की.”

मी म्हणायला हवं होतं की मला विचारलं होतं, आणि मी लिहून दिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी बातमी आली की दोन्हीकडून मारा थांबवायचं ठरलंय. रविवारी सकाळी नारायणगुड्यात भाजीवाले होते, क्रिकेट होतं, रसवंतीचं मशीन घुंगरं वाजवत फिरत होतं. मी उगाचच मंडळाच्या गल्लीतून गेले. हॉलला कुलूप होतं.

त्या दुपारी मी मामांना विचारलं. म्हणजे विचारायला गेले आणि दारात उभी राहिले, आणि त्यांनीच ओळखलं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला बसवलं, आंबा कापून दिला. म्हणाले, “सभेत सगळं नसतं वाचायचं, बेटा. शेवटचं जरा लांबलं होतं. आणि तुझा मान राहिला की नाही? सगळे विचारत होते, कुणाची भाची म्हणून.”

मी विचारलं, आता तर थांबलंय, मग पुढचा रविवार घेणार का?

“अजून कुठं निवळलंय,” मामा म्हणाले आणि आंब्याची कोय मामींकडे सरकवली.

मला वाटतं त्यांनी मला फसवलं हे मला त्या ‘अजून’ला कळलं, शुक्रवारी नाही. शुक्रवारी मला अजून वाटत होतं की वाचायचं राहिलं असेल, मराठी करताना पान उलटायचं ध्यानात आलं नसेल. मी दोन रात्री त्यांच्यासाठी कारणं शोधत होते. शेवटचा भाग लांबला, हे म्हणायला तो वाचावा लागतो. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्यांनी माझ्याकडून खोटं लिहून घेतलंच नाही. त्यांना माहीत होतं मी खोटं लिहिणार नाही. म्हणून त्यांनी खरं मागितलं आणि अर्धं वापरलं. आणि हेही त्यांना माहीत होतं, की मी गप्प बसेन. ते मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं ओळखत होते.

पुढच्या शनिवारी मी मागच्या खोलीत गेले. बाईंनी नेहमीसारखं पुस्तक उघडून दिलं, मी वाचलं, त्यांनी एका जागी बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं. निघताना म्हणाल्या, “तुझं ते लिखाण ऐकलं. नीट मांडलंयस. मला पटलं.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी कदाचित बोलले असते. मी ‘थँक यू बाई’ म्हटलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्या कपाटातली पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. औषधांच्या दुकानातून खोकी आणली होती, त्यांच्यावर खोकल्याच्या औषधाची चित्रं होती. मी दोन तास पुस्तकं पुसली. बाई प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहीत होत्या, सुवाच्य, फळ्यावर लिहितात तसं. मी बोलायला तोंड उघडायचे आणि धूळ गेल्यासारखी खोकायचे. बोलायचं म्हणजे मामांनी काय केलं ते सांगायचं, आणि ते सांगितलं की त्या दिवशी मी मान का खाली घातली, हेही सांगावं लागणार होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी सभा बोलावली. पत्रकावर दोनच विषय होते: निवडणुकीची स्थगिती चालू ठेवणे, आणि खोलीच्या कराराला मंजुरी. आई म्हणाली, तू कशाला येतीस, उन्हाचं. मी गेले. या वेळी मी तिसऱ्या रांगेत बसले, कडेला. माझ्या पलीकडे ती जवानाची बायको होती. मूल जागं होतं आणि माझ्या ओढणीची झालर चघळत होतं. बाई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर.

मामा उभे राहिले. त्यांनी सांगितलं की मागच्या वेळी आपण सगळ्या बाजू समजून घेऊनच ठराव केला होता, तीच परिस्थिती थोड्याफार फरकानं आहे, जवान अजून आपापल्या ठिकाणी आहेत. मग फायलीतून तोच कागद काढला. मध्ये घडी पडली होती. “हे मी नाही म्हणत,” ते म्हणाले, “हे अभ्यास करणारी मुलं म्हणतायत,” आणि त्यांनी तो वर धरला.

पुन्हा मागची बाजू आमच्याकडे आली. खिडकीतून ऊन येत होतं आणि कागदातून आरपार दिसत होतं. पुढच्या ओळी आणि मागच्या ओळी एकमेकींवर पडल्या होत्या.

मी आठवडाभर एक मोठं वाक्य तयार केलं होतं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग वहीत लिहून, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. त्यात तारखेचा मुद्दा होता, खोलीचा होता, ‘पुढे येणाऱ्यांना परत फिरवता येणार नाही’ हे होतं. मी उभी राहिले आणि त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या त्या दोन काकू वळल्या. आईनं मला खूण केली, बस. मामा हसले, मला प्रोत्साहन देताना हसतात तसं, आणि म्हणाले, “बघा, आमच्या मॅडमच उभ्या राहिल्या.”

बाईंनी मागे वळून पाहिलं. या वेळी मी मान खाली घातली नाही.

“मामा,” मी म्हणाले, “कागद उलटा करा. मागं अजून लिहिलंय.”